जोडेवैद्याचे साडेचार तारे

शुक्रवारी सकाळी सव्वासातला धाकटीनं माझ्या घराची बेल अशी दाबून धरली की मला वाटलं, खाली आग लागली. दार उघडलं तर बाईच्या एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात मागच्या महिन्यात माझ्याकडून नेलेली. तिनं हातातला पेपर माझ्या नाकासमोर धरला, तोही इतका जवळ की मला एक अक्षर दिसेना.

"साडेचार," ती म्हणाली.

"काय साडेचार?"

"तारे. पाचपैकी. दीडतारेंनी दिलेत, ताई."

मी दारातच बसले. चहा गॅसवर होता, तो तसाच आटू दिला.

दीडतारे हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे, आम्ही ठेवलेलं. शहरातल्या सगळ्यात जास्त खपणाऱ्या पेपरात ते गेली वीस वर्षं सिनेमाची परीक्षणं लिहितात, आणि हात असा आखडता की दीड ताऱ्यापुढे सरकत नाही. धाकटीच्या पहिल्या माहितीपटाला त्यांनी एक तारा दिला होता. दुसऱ्याच्या वेळी ते मध्यंतरात उठून गेले आणि उठून गेलो असं लिहिलंही. तेव्हा धाकटी दोन दिवस माझ्या गॅलरीत भिंतीकडे बघत बसून होती. त्या दोन दिवसांत मी त्या माणसाला जेवढ्या शिव्या घातल्या, तेवढ्या पंचवीस वर्षांत नवऱ्याला घातलेल्या नाहीत.

आम्ही दोघी बहिणी मिळून हे उद्योग करतो. ती दिग्दर्शन करते, मी माझ्या घरातल्या मागच्या खोलीत बसून संकलन करते. आमचा हा तिसरा माहितीपट जोडेवैद्यावरचा. शंभर वर्षांपूर्वी होऊन गेलेला हा पक्का भोंदू. आधी हातमोजे विकायचा, मग एका सकाळी उठून डॉक्टर झाला. रुग्णाला तो हातसुद्धा लावत नसे. रुग्णानं आपला डावा जोडा द्यायचा, वैद्यानं तो दोरीला टांगून फिरवायचा, आणि जोड्याचं टोक ज्या दिशेला थांबेल त्यावरून रोग सांगायचा. औषध एकच, जोड्यात घालायची तांब्याची पट्टी. लोक लांबलांबून पार्सलनं जोडे पाठवायचे. असं अठरा वर्षं चाललं.

आता अशा माणसावर गंभीर चेहऱ्यानं सिनेमा कसा करणार? धाकटीनं रुग्णांच्या साक्षी जुन्या जोड्यांच्या तोंडून वदवल्या. आत बोटं घालून आम्ही बुटांच्या जिभा हलवायचो. आजारी बूट, खोकणारे सँडल, रुसलेल्या सपाता. मला ते सगळं खुळचटपणाचं वाटायचं आणि आवडायचंही.

शेवट मात्र खुळचट नव्हता. जोडेवैद्यानं भावाला लिहिलेलं एक पत्र आम्हाला सापडलं होतं. गावानं त्याचा जाहीर सत्कार केला, त्या दिवसाचं. 'आज सगळं खरं सांगून टाकायचं असं ठरवून उभा राहिलो होतो,' त्यानं लिहिलं होतं, 'पण टाळ्या थांबेनात, आणि थांबल्या तोवर माझा धीर गेला.' यावर धाकटीचा आवाज येतो, सिनेमातला शेवटचा. 'दोन वाक्यं पुरली असती. ती त्याला का जमली नसतील?'

आणि या खेपेला तिचंही सगळं पणाला लागलेलं होतं. तिच्या ड्रॉवरमध्ये फरशीच्या एका कंपनीचं पत्र पडून होतं. जाहिरात विभागात कायमची नोकरी, उत्तर सोमवारपर्यंत कळवावं. हाही सिनेमा कपाटात गेला तर मी फरश्या विकेन, असं तिनं मला शांतपणे सांगितलं होतं. ती शांतपणे बोलते तेव्हाच मला भीती वाटते. आमचा सिनेमा लावला होता एकाच ठिकाणी, एकशेचाळीस खुर्च्यांच्या छोट्या थिएटरात. थिएटरच्या मालकीणबाई म्हणाल्या होत्या, रविवारपर्यंत लावते, पुढचं लोक आले तर बघू.

"वाच ना मोठ्यानं," धाकटी म्हणाली. तिनं ते आधीच सहा वेळा वाचलं होतं.

मी वाचायला लागले. पहिल्या परिच्छेदात बुटांचं कौतुक. दुसऱ्यात धाकटीच्या आवाजाचं. तिसऱ्यात चक्क माझं, 'संयमी संकलन' म्हणून. मी ती ओळ दोनदा वाचली, कारण संयमी हा शब्द माझ्याबद्दल आमच्या घरात कुणी वापरलेला नाही. मग चौथा परिच्छेद आला.

'पण या माहितीपटाचा प्राण आहे तो अडतीस सेकंदांच्या दुर्मिळ मूळ चित्रणात. ते कुठून मिळवलं कोण जाणे. जोडेवैद्य दोरीला बूट टांगतो, बूट फिरू लागतो, आणि अचानक वैद्याची नजर क्षणभर बाजूला जाते. त्या नजरेत शंका आहे. जन्मभर जगाला फसवणारा माणूस त्या एका क्षणी स्वतःला फसवू शकलेला नाही. वीस वर्षांत मी पडद्यावर इतकं खरं काही पाहिलेलं नाही.'

धाकटी हसत होती, टाळ्या वाजवत होती, माझ्या स्वयंपाकघरात गोल गोल फिरत होती. त्या 'मूळ'वर तिची नजर अडकली नाही, साडेचारापुढे तिला काही दिसतच नव्हतं. मी मात्र तो शब्द पुन्हा वाचला.

कारण तो जोडेवैद्य म्हणजे आमचा मामा.

खऱ्या जोडेवैद्याचे तीन फोटो आणि ते पत्र, एवढंच आमच्या हाती होतं. हलतं चित्र एकही नाही. म्हणून मामाला मिशी लावली, माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीला काळं कापड लावलं आणि जुन्या कॅमेऱ्यानं मुदत संपलेल्या फिल्मवर ते दृश्य काढलं. फिल्म बाथरूमच्या बादलीत धुतली आणि चरे पडावेत म्हणून बूट घालून तिच्यावरून चाललो. मामा टपाल खात्यात चौतीस वर्षं खिडकीवर बसून निवृत्त झालेला माणूस. आयुष्यात पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर उभा राहिला, आणि काय उभा राहिला. ती शंकेची नजर म्हणजे, गॅसवर ठेवलेलं माझं दूध उतू जात होतं. मामानं तिकडे पाहिलं.

आम्ही कुणाला फसवायला निघालो नव्हतो. त्या दृश्यावर अडतीसच्या अडतीस सेकंद एक ओळ होती. 'हे दृश्य आम्ही नव्याने चित्रित केले आहे. भूमिका : आमचा मामा.' मी स्वतः ती लिहिली होती.

धाकटी गेल्यावर मी मागच्या खोलीत जाऊन कॉम्प्युटर उघडला. काय झालं असणार ते मला तो चालू व्हायच्या आतच कळलं होतं. पडद्यावर अक्षरं असली की डोळे वाचत बसतात आणि दृश्याची लय कळत नाही, म्हणून काम करताना मी अक्षरांचे थर बंद ठेवते. माणसांची नावं एका थरावर, खुलासे दुसऱ्यावर. शेवटच्या दिवशी मालकीणबाईंनी सिनेमा नव्वद मिनिटांच्या आत मागितला, मी दोन मिनिटं कापली, आणि थिएटरला द्यायची प्रत काढताना नावांचा थर आठवणीनं चालू केला. खुलाशांचा राहिला. त्यावर ओळच मुळी एक होती. आम्हाला ती इतकी पाठ होती की तपासताना दोघींनाही ती दिसली, जिथे नव्हती तिथे.

पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका कापून काढणारी मी. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

मी धाकटीला त्या दिवशी सांगितलं नाही. सांगणार कसं? तिचा फोन थांबत नव्हता. मालकीणबाईंनी कळवलं की शनिवारची तिकिटं संपली, रविवारची संपली, आता जादा खुर्च्या टाकतेय. रविवारी सकाळच्या खेळानंतर त्यांनी धाकटीची आणि दीडतारेंची जाहीर गप्पांची बैठकही ठरवून टाकली. दुपारी संग्रहालयातून फोन आला, ते मूळ रीळ आम्ही जतन करू का. धाकटीनं गडबडीत 'सोमवारी बोलू' म्हणून फोन ठेवला आणि पुढचा उचलला. संध्याकाळी ती मला म्हणाली, "ताई, मला वाटायचं मला काही येतच नाही. आज पहिल्यांदा तसं वाटत नाहीये."

मग मामाचा फोन आला. तो दुपारच्या खेळाला टपाल खात्यातल्या तिघा जुन्या सोबत्यांना घेऊन गेला होता.

"ओळ कुठे गेली गं?" त्यानं विचारलं.

"कसली ओळ?" मी म्हटलं. खोटं बोलताना माझा आवाज चढतो, हे मामाला मी पाच वर्षांची असल्यापासून माहीत आहे.

"मी त्यांना म्हटलं, हा मी. ते हसले. म्हणाले, अरे तो माणूस मरून शंभर वर्षं झाली, आता तुझी तब्येत दाखवून घे." मग तो म्हणाला, "माझं काम बरं नव्हतं झालं का? म्हणून काढलीत? तसं असेल तर सांग. मला वाईट नाही वाटणार."

त्याला वाईट वाटलं होतं. फोन ठेवून मी मुकाट रडले, आणि शनिवारी सकाळी धाकटीच्या घरी गेले.

ती टेबलाशी बसून फरशी कंपनीला नकाराचं पत्र लिहीत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं पेनाचं टोपण लावलं, पत्राची नीट घडी घातली आणि विचारलं, "कुणाकुणाला माहीत आहे?"

"तुला, मला आणि मामाला."

"आणि त्या तीन टपालवाल्यांना."

"त्यांचा विश्वास बसलेला नाही." मी खुर्ची ओढून बसले. "हे बघ, मी सरळ सांगते. उद्या गप्प राहा. सोमवारी मी थर चालू करून नवी प्रत देते. ज्यांना दिसेल त्यांना दिसेल. सिनेमा थिएटरात चार आठवडे चालू दे, मग हवं तर गच्चीवर उभी राहून सांग."

"आणि दीडतारे?"

"मरू देत दीडतारे. आपण कुठे म्हटलं मूळ म्हणून? त्यांनी म्हटलं."

"जोडेवैद्यही हेच म्हणायचा, ताई. मी कुठे म्हटलं डॉक्टर म्हणून, लोकच म्हणतात."

"तो अठरा वर्षं म्हणत होता. आपली एक ओळ राहिली."

"दोन वाक्यं पुरली असती, असं मीच म्हटलंय त्यात. माझ्या आवाजात." तिनं घडी घातलेलं पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं, कंपनीच्या पत्राच्या वर. "उद्याचं उद्या बघू."

ती काय करणार ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मला खरं तर तिनं गप्प बसावं असंच वाटत होतं. तिची गॅलरीतली पाठ मी पुन्हा बघू शकले नसते.

रविवारी थिएटर फुललेलं होतं. जादा खुर्च्याही भरून माणसं पायऱ्यांवर बसली. मामा तिसऱ्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून, शेजारी ते तिघे टपालवाले. मी वर प्रोजेक्टरच्या खोलीत. आजारी बूट खोकले तेव्हा लोक असे हसले की पुढची दोन वाक्यं बुडाली, आणि मला आनंद झाला. सिनेमा संपला, दिवे लागले, स्टेजवर दोन खुर्च्या आल्या. दीडतारेंना मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. बारीक, उंच माणूस, पायांत लखलखीत तपकिरी बूट. माझ्या शिव्यांमधला माणूस बराच जाड होता.

"बोलायच्या आधी," ते माइकवर म्हणाले, "ते अडतीस सेकंद पुन्हा पाहू या. ती नजर बघा."

मी दृश्य लावलं. मामानं बूट टांगला, बूट फिरला, मामानं दुधाकडे पाहिलं. पायऱ्यांवरची माणसंही माना उंच करून बघत होती. दृश्य संपताच टाळ्या सुरू झाल्या, आणि त्या थांबेनात. धाकटी उभी राहिली. तिनं माइक घेतला आणि टाळ्या थांबायची वाट न बघता बोलायला सुरुवात केली. पहिल्या खेपेला कुणाला ऐकूच गेलं नाही. तिनं पुन्हा म्हटलं.

"हे मूळ चित्रण नाही. हे आम्ही दोन वर्षांपूर्वी ताईच्या स्वयंपाकघरात काढलं."

टाळ्या एकदम बंद झाल्या नाहीत. पुढून मागे अशा विरत गेल्या, शेवटी मागच्या भिंतीशी एकच माणूस वाजवत होता आणि त्यालाही कळलं. धाकटी म्हणाली, "तसं लिहिलेली ओळ होती, ती आमच्याकडून राहून गेली. चूक आमची आहे." ताईची, असं ती म्हणू शकली असती. ते न म्हटल्याबद्दल मी तिचे सगळे अपराध, माझी नेलेली चप्पलसुद्धा, तिथल्या तिथे माफ केले. मग मी खोली तशीच टाकून धावत खाली आले.

दीडतारेंचा चेहरा मानेपासून वर लाल होत गेला. "आणि ती नजर?" त्यांनी विचारलं.

तिसऱ्या रांगेत मामा उभा राहिला. "दूध उतू जात होतं, साहेब. मीच तो."

कुणीतरी हसलं आणि मग सगळं थिएटर हसलं. टपालवाल्या तिघांपैकी एक जण "अरे, खरंच हा," असं म्हणाला. दीडतारे हसले नाहीत. वीस वर्षं हातचं राखून ठेवलेलं त्यांनी एका नजरेवर उधळलं होतं आणि ती नजर दुधाची निघाली. मला त्या माणसाची दया येईल असं कधी वाटलं नव्हतं, पण आली. आता ते उठणार आणि जाणार, आणि उठून गेलो असं लिहिणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

ते वाकले. डाव्या बुटाची नाडी सोडली, बूट काढला आणि मामाकडे धरला.

"या इकडे," ते म्हणाले. "सांगा, मला काय झालंय."

मामा स्टेजवर गेला. त्यानं नाडीला धरून बूट उचलला. बूट फिरू लागला आणि सभागृह असं शांत झालं की नाडीची करकर ऐकू यावी. दुसऱ्या रांगेतल्या एका बाई आपल्या सँडलचा पट्टा सोडत होत्या. खरं काय ते सगळ्यांनी आत्ताच ऐकलं होतं, आणि तरी त्यांना ऐकायचं होतं, मामा काय सांगतो ते. चौतीस वर्षं लोकांनी खिडकीतून मामाचे फक्त हात पाहिले होते. आज सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याला ते आवडत होतं. मला दिसत होतं, किती आवडत होतं ते. काहीही बोलला असता, गुडघा, पित्त, जुनं दुःख, तरी चाललं असतं.

बूट थांबला. आणि मामाची नजर क्षणभर बाजूला गेली.

तिकडे दूध नव्हतं. तिकडे रिकामी भिंत होती.

"मला यातलं काही कळत नाही, साहेब," मामा म्हणाला. "बूट घाला. फरशी गार आहे."

दीडतारेंनी बूट पायात घातला आणि नाडी बांधायला खूप वेळ लावला. सरळ झाले तेव्हा त्यांनी माइक हातात घेतला आणि म्हणाले, "लेखातला 'मूळ' हा एक शब्द मी काढून टाकतो. बाकीचं राहू दे."

पुढे टाळ्या किती वेळ वाजल्या ते मी सांगणार नाही, कारण मी तेव्हा स्टेजच्या पायरीवर बसून नाक पुसत होते. बाहेर पडताना मालकीणबाई सिनेमा चार आठवडे लावते म्हणाल्या आणि मामाला दर रविवारी यायला सांगून गेल्या. मामा त्यांना म्हणाला, डायरी बघून कळवतो.

सोमवारी सकाळी धाकटीनं फरशी कंपनीला नकार कळवला, संग्रहालयाच्या बाईंना फोन करून खरं सांगितलं आणि मग माझ्या मागच्या खोलीत येऊन उभी राहिली. मी खुलाशांचा थर चालू केला आणि ओळ आली. मामाला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. त्यानं चष्मा लावून ती दोनदा वाचली, अगदी पडद्याजवळ जाऊन.

"अक्षरं जरा बारीक आहेत," तो म्हणाला.

मी ती मोठी केली.